हीट नंबर

पाकिटावर आकडे आहेत: पंचेचाळीस, पासष्ट, पंच्याऐंशी, एकशेपाच.
दुसऱ्यावर चाळीसपासून पंच्याण्णवपर्यंत.
पाणीवेशीजवळचा कुलथे दोन्ही पाकिटं काचेवर ठेवतो,
म्हणतो, मोठ्या गिटारच्या तारा अख्ख्या जालन्यात तूच नेतोस,
लवकर ठरव, मला भजनी मंडळाची पेटी उघडायचीय.

निकेल बोटाला मऊ. फ्रेटवर माया करतं.
आवाज गोल, सायीखालून बोलल्यासारखा.
स्टील खरखरीत. अंगठा सोलतं, फ्रेट खातं,
पण वाजलं की पितळी ताट फरशीवर पडावं
तसं सगळं घर मागे वळून बघतं.

भागिनाथ तात्याला हलगीतलं कळतं, बासमधलं नाही.
त्यानं माझा तारेवर आपटणारा अंगठा बघितला,
तार खालून उचकटणारं बोट बघितलं, म्हणाला,
हे तर आमचंच की. अंगठा टिपरू, बोट काडी.
टिपरू घुमू राह्यलं तुझं. काडी मेली.
मी म्हटलं, तारा जुन्या झाल्यात.
तो म्हणाला, मग शेक की. आम्ही कागद पेटवून शेकतो.

मी उकळतो.
आईनं टाकून दिलेल्या पातेल्यात, दहा मिनिटं,
पाण्यावर वर्षभराच्या हळदींचा तवंग येतो.
मग चार दिवस तारा लाडात बोलतात
आणि पाचव्या दिवशी परत गोधडीत तोंड घालतात.
तिसऱ्या उकळीनंतर डीची तार तुटली,
मंठ्याला, भर स्टेजवर.
मुबीननं कीबोर्डवर निभावून नेलं. कुणाला कळलंच नाही.
तेच जास्त लागलं.

आता बापाचं.
एमआयडीसीत सव्वीस वर्षं रोलिंगवर,
लाल सळई सापासारखी यायची, हा चिमट्यानं तिचं तोंड धरायचा.
साप गेले, कान घेऊन गेले.
कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. बहिणीची हाक ऐकू येत नाही.
पाखरं तर कधीचीच बंद झालीत त्याच्यासाठी.
पण ट्रक कुंडलिकेच्या पुलावर असतानाच
तो म्हणतो, भरलेला हाय, सोळा टन.
खालचं सगळं येतं त्याला. वरचं काहीच नाही.

म्हणजे निकेल घेतलं तर मी त्याला जवळजवळ पूर्ण ऐकू येईन.
स्टील घेतलं तर ज्यासाठी दीड हजार मोजायचे
तेवढंच नेमकं त्याच्या वाट्याला येणार नाही.
हे कुलथेला सांगता येत नाही.
कुलथे पेटीच्या भात्यात डोकं घालून बसलाय.

चाळीसची. स्टील.
का, ते मलाही घरी पोचेपर्यंत सांगता आलं नसतं,
आणि घरी पोचल्यावर कुणी विचारलं नाही.

बापानं सगळ्यात जाड तार हातात घेतली,
अंगठ्यानं गुंडाळी तपासली, वर उजेडात धरली.
अडीच एमएमपण नाही, म्हणाला. हिच्यापेक्षा रिंगची सळई बरी.
मग पाकीट उलटंपालटं केलं.
कुठल्या हीटचं हाय हे? नंबर नाही टाकला?
विनानंबरचा माल आमच्याकडं गेटातून परत जायचा.

मी तारा चढवल्या. टोकं कापली,
आईच्या पायाला लागू नयेत म्हणून चारही उचलली.
अँप कोपऱ्यात, खाटेला टेकवून.
तो खाटेवर.

अंगठा. त्याची मान हलली.
अंगठा, अंगठा. हलली.
मग बोटानं जी उचकटली,
खिडकीतला स्टीलचा गडवा झणाणला,
शेजारच्या पोरीनं दारातून डोकावलं,
आणि मान नाही हलली.
तो माझ्या बोटाकडं बघत होता,
तोंडातून सळई निसटल्यावर बघायचा तसा.

तिथं काय हाय? त्यानं विचारलं.
तू तिथं काहीतरी करू राह्यला.

हां, म्हटलं मी, आणि परत केलं.